गावातून बाल संरक्षणावर देखरेख: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न विदर्भातल्या गावांमधून येतात. विचारणारे ग्रामपंचायत सदस्य असतात, शाळा व्यवस्थापन समितीतले पालक असतात, बचत गटातल्या ताई, आशा, पोलीस पाटील आणि संस्थांचे कार्यकर्ते असतात. मुलांसाठी शासनाने जे कबूल केलं आहे ते आपल्या गावात होतं की नाही, हे तपासायला कोणत्याही पदाची गरज नाही. कोणता कागद कुठे असतो आणि त्यावर काय पाहायचं, एवढं माहीत हवं.

देखरेख म्हणजे नेमकं काय करायचं?

दोन तारखा शोधायच्या. कायद्याप्रमाणे काम केव्हा व्हायला हवं होतं ही एक, आणि ते खरोखर केव्हा झालं ही दुसरी. या दोन तारखांमध्ये जे अंतर पडतं, तेवढ्या दिवसांत एखाद्या पोरीचं लग्न उरकलेलं असतं किंवा एखादं मूल शाळा सोडून कामाला लागलेलं असतं.

भाषणं, फलक, रॅली आणि शपथा यांवरून काही कळत नाही. त्या झाल्या तरी चांगलं, नाही झाल्या तरी फारसं बिघडत नाही. कागदावरची तारीख पाहायची आणि ती गावात ताडून पाहायची. नुसता कागद पाहिला तर सगळं छान दिसतं. नुसतं गावात विचारलं तर कार्यालय म्हणतं, पुरावा काय. म्हणून दोन्ही लागतं.

शासनाने मुलांना कोणती वचनं दिली आहेत?

संयुक्त राष्ट्रांनी बालहक्क संहिता २० नोव्हेंबर १९८९ रोजी स्वीकारली आणि भारताने ती ११ डिसेंबर १९९२ रोजी मान्य केली. गावात मात्र संहितेपेक्षा तिच्यानंतर आलेले कायदे कामी येतात. बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ चा आहे, शिक्षण हक्क कायदा २००९ चा, बालकांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा पॉक्सो कायदा २०१२ चा आणि बाल न्याय कायदा २०१५ चा. बालमजुरीचा कायदा १९८६ चा असला तरी २०१६ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. बालमजुरीबद्दलचे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे दोन मुख्य करार, १३८ आणि १८२ क्रमांकाचे, भारताने २०१७ मध्ये मान्य केले.

कायद्याखाली योजना येतात. केंद्राची मिशन वात्सल्य आणि राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना या त्यातल्या मुख्य.

गावात जबाबदारी कोणाची?

ग्राम बाल संरक्षण समितीचे अध्यक्ष सरपंच असतात आणि अंगणवाडी सेविका सदस्य सचिव असतात. मुख्याध्यापक, पोलीस पाटील, आशा आणि मुलांचे प्रतिनिधीही समितीत असतात. बालविवाहाच्या बाबतीत ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) हेच गावाचे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी. अंगणवाडी सेविका त्यांना साहाय्य करतात.

तालुक्याला बालविकास प्रकल्प अधिकारी आणि पोलीस ठाण्यातले बालकल्याण पोलीस अधिकारी असतात. बाल न्याय कायद्याच्या कलम १०७ प्रमाणे हा पोलीस अधिकारी सहायक उपनिरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाचा नसावा. ठाण्यात गेलात की त्याचं नाव विचारा. ठाणे अंमलदाराला ते सांगता आलं नाही तर ती तुमच्या तपासणीतली पहिली नोंद समजा.

जिल्ह्याला जिल्हा महिला व बालविकास अधिकारी, त्यांच्याकडचा जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि बालकल्याण समिती असते. या समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यातली किमान एक महिला. महिन्यातून किमान वीस दिवस समितीने बसलं पाहिजे असं कायदा सांगतो. सगळ्यांच्या वर जिल्हाधिकारी. बालकल्याण समितीच्या कामाचा दर तिमाहीला आढावा घेणं ही त्यांची जबाबदारी आहे.

आमच्या गावात समिती आहे म्हणतात. ती खरी की कागदावरची, कसं ओळखायचं?

इतिवृत्त नोंदवही मागा आणि शांतपणे पानं चाळा. खोटी वही लवकर ओळखू येते. चार बैठका एकाच शाईत, एकाच हाताने, एकाच बसणीत लिहिलेल्या असतात. प्रत्येक बैठकीत ठराव तोच: "गावातील बालकांच्या विविध समस्यांवर सविस्तर चर्चा करण्यात आली." कोणत्या समस्या, कोणी काय करायचं, किती दिवसांत, यातलं काही नाही. मग सह्या बघा. बदली होऊन गेलेल्या मुख्याध्यापकांची सही त्यांच्या बदलीनंतरच्या तारखेला आहे का? मुलांच्या प्रतिनिधींची सही तीच आहे की मोठ्या माणसाने केलेली? त्यातलं एखादं पोर केव्हाच अठरा ओलांडून नागपूरला कामाला गेलं तरी वहीत दर बैठकीला हजर असतं.

खरी वही अस्ताव्यस्त असते. त्यात खाडाखोड असते, गैरहजर सदस्यांपुढे रेघ मारलेली असते आणि मागच्या बैठकीतल्या ठरावाचं पुढे काय झालं ते लिहिलेलं असतं. ही शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. मागच्या ठरावावरचा अनुपालन अहवाल वहीत नसेल तर समिती चालते असं म्हणता येत नाही.

समिती बनवल्याचा आदेश किंवा ग्रामसभेचा ठरावही पाहा. किती दिवसांनी बसायचं ते तिथे लिहिलेलं असतं. पंचायत निवडणुकीनंतर सरपंच बदलतात, पण समितीच्या यादीत जुनंच नाव राहतं, हे फार ठिकाणी सापडतं. अशी यादी दिसली की पुढच्या ग्रामसभेत पुनर्रचनेचा विषय घ्यायला लावा.

वही पाहू द्यायला सेविका तयार नसतील तर?

आधी त्यांची बाजू समजून घ्या. अंगणवाडी सेविकेकडे पोषण आहार, वजन-उंची, मोबाइलवरच्या नोंदी, लसीकरणाचा दिवस, सर्वेक्षणं असं सगळं असतं. समितीचं काम त्यावर आणखी. तिला गावात राहायचं आहे आणि ज्याच्या घरचं लग्न थांबवायचं, तो बहुतेक वेळा शेजारीच असतो. तिला कोंडीत पकडून काही हाती लागत नाही. तालुक्याकडून तिला या कामाचं प्रशिक्षण केव्हा मिळालं, प्रवासखर्च मिळतो का, पर्यवेक्षिका शेवटची केव्हा आली, हे विचारा. ही उत्तरंही शासनाच्याच अंमलबजावणीची नोंद आहेत.

तरीही वही मिळाली नाही तर माहितीचा अधिकार आहे.

माहिती अधिकारात काय मागायचं? अर्ज कसा लिहायचा?

महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये करायचा, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही, पण प्रमाणपत्राची प्रत जोडावी लागते. राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत हवा. बहुतेक अर्ज इथेच अडकतात, कारण माणूस एकाच कागदावर अंगणवाडी, शाळा, पोलीस, सगळं विचारून बसतो.

बालविकास प्रकल्प अधिकारी कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्यांना असं लिहिता येईल:

"विषय: तालुक्यातील ग्राम बाल संरक्षण समित्यांचे कामकाज. कालावधी: मागील आर्थिक वर्ष, १ एप्रिल ते ३१ मार्च. माहितीचा तपशील: एक, समित्यांची गावनिहाय यादी व प्रत्येक समितीच्या स्थापनेची किंवा पुनर्रचनेची तारीख. दोन, या कालावधीत प्रत्येक समितीच्या झालेल्या बैठकांच्या तारखा. तीन, अमुक ग्रामपंचायतीच्या समितीच्या इतिवृत्ताच्या प्रती, बालकांची नावे व ओळख पटेल असा मजकूर वगळून. चार, या कालावधीत समिती सदस्यांच्या प्रशिक्षणाच्या तारखा व उपस्थित सदस्यांची संख्या."

'का झालं नाही', 'जबाबदार कोण' असे प्रश्न टाकू नका. माहिती अधिकारी नोंदीत असलेलं देतो, खुलासा देत नाही. तारखा, संख्या आणि प्रती मागा.

तीस दिवस झाले, उत्तर नाही. किंवा "बालकांची माहिती गोपनीय आहे" असं उत्तर आलं.

उत्तर नसेल तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे तीस दिवसांच्या आत पहिलं अपील करा, जोडपत्र 'ब', वीस रुपयांचा स्टॅम्प. त्यावर तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत निर्णय व्हायला हवा. त्यापुढे नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आयोगाची खंडपीठं नागपूर आणि अमरावतीला आहेत, मुंबईला जावं लागत नाही. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला असेल तर पाच दिवसांत तो योग्य ठिकाणी पाठवणं हे त्यांचं काम आहे. "आमच्याकडे नाही" म्हणून परत करता येत नाही.

गोपनीयतेचं उत्तर अर्धं बरोबर असतं. मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो कोणालाच देता येत नाही आणि तुम्हीही मागू नये. पण माहिती अधिकार कायद्याच्या कलम १० प्रमाणे गोपनीय भाग वगळून उरलेला द्यावाच लागतो. किती प्रकरणं आली, कोणत्या तारखेला आली, कोणत्या तारखेला निकाली निघाली, यात कोणाचीच ओळख नसते. अपिलात हाच मुद्दा धरा. फक्त एका गावापुरती, दोन-तीन प्रकरणांची माहिती मागितली तर तारखेवरूनही मूल ओळखू येतं. अशा वेळी तालुक्याची किंवा जिल्ह्याची एकत्रित माहिती मागा.

बालविवाहाची माहिती दिली, कारवाई झाली म्हणतात. बरोबर झाली का, कसं तपासायचं?

इथे थोडं सविस्तर, कारण सगळ्यांत जास्त प्रश्न याचेच येतात.

मुलीचं वय अठराच्या किंवा मुलाचं एकवीसच्या आत असेल तर तो बालविवाह. शिक्षा दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. लग्न लावणारा, ठरवणारा, मदत करणारा, सगळे यात येतात. माहिती १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर किंवा पोलिसांच्या ११२ वर देता येते. १०९८ ही सेवा २०२३ पासून शासनाच्या महिला व बालविकास विभागामार्फत चालते आणि चोवीस तास सुरू असते.

फोन गेल्यावर कोणत्या पायऱ्या व्हायला हव्यात ते पाहा. ग्रामपंचायत अधिकाऱ्याने आणि पोलिसांनी घरी जाऊन वयाचा पुरावा पाहायचा. लग्न लावणार नाही असं लेखी हमीपत्र पालकांकडून घ्यायचं. मुलीला बालकल्याण समितीपुढे हजर करायचं, कारण लग्नाचा धोका असलेलं मूल हे बाल न्याय कायद्याप्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेलं मूल ठरतं. पालक ऐकत नसतील तर कलम १३ खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडून मनाई हुकूम आणायचा. मनाई हुकूम असताना लावलेलं लग्न मुळातच रद्दबातल ठरतं. मनाई हुकूम नसेल तर लग्न आपोआप रद्द होत नाही, ते रद्द करून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी मुलीला सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत मुदत असते.

बहुतेक प्रकरणं हमीपत्रावर थांबतात. फोटो निघतो, "बालविवाह रोखला" अशी बातमी येते आणि महिनाभराने तीच मुलगी मामाच्या गावी, एखाद्या देवस्थानात, पहाटे लग्न होऊन सासरी गेलेली असते. म्हणून हमीपत्राची तारीख लिहून घ्या आणि विचारा: त्यानंतर घरभेट केव्हा झाली? शाळेत तिची हजेरी सुरू झाली का? बालकल्याण समितीपुढे तिला कोणत्या तारखेला नेलं? आमच्या मते पहिली भेट पंधरा दिवसांत, त्यानंतर महिन्याला एक, आणि तुळशीच्या लग्नापासून अक्षयतृतीयेपर्यंतच्या लग्नसराईत जास्त वेळा, अशी पद्धत हवी. मुलगी अठराची होईपर्यंत प्रकरण बंद करू नये.

हद्दीची अडचणही नेहमीची. मुलीचं गाव एका तालुक्यात, नवरदेवाचं दुसऱ्या जिल्ह्यात, लग्न तिसरीकडे. मेळघाटातून वऱ्हाड मध्य प्रदेशात जातं, गडचिरोलीच्या दक्षिणेकडून तेलंगणात. प्रत्येक अधिकारी दुसऱ्याकडे बोट दाखवतो. अशा वेळी माहिती एकाच वेळी दोन्ही जिल्ह्यांच्या बाल संरक्षण कक्षांना लेखी द्या आणि पोच घ्या. तारीख असलेली पोच हातात असली की टाळाटाळ कठीण जाते.

सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात जिल्हा पातळीवर फक्त हेच काम करणारे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी नेमायला राज्यांना सांगितलं आहे. तुमच्या जिल्ह्यात असा स्वतंत्र अधिकारी आहे का, त्याच्याकडे आणखी कोणता कार्यभार आहे, हा माहिती अधिकाराचा चांगला प्रश्न आहे.

माहिती देणाऱ्याचं नाव गावात फुटलं तर पुढच्या वेळी कोणीच फोन करणार नाही. नाव कोणाकडून फुटलं याची लेखी तक्रार जिल्हा कक्षाकडे करा. हा प्रकार सहन करण्यासारखा नाही.

वयाचा पुरावा कोणता धरायचा? घरचे आधार कार्ड दाखवतात.

बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये क्रम दिला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेचा जन्म दाखला, आणि तोही नसेल तरच वैद्यकीय तपासणी. आधार कार्ड या यादीत नाही. आधारवरची तारीख घरच्यांच्या सांगण्यावरून टाकलेली असू शकते आणि नंतर बदललेलीही असू शकते. अधिकारी नुसतं आधार पाहून परत गेला असेल तर तपासणी झालेली नाही असंच लिहा. शाळेचा दाखल-खारीज नोंदवहीतला उतारा पाहायला लावा.

कापूस वेचणीला मुलं जातात. ही बालमजुरी का?

कोणाच्या वावरात जातात त्यावर आहे. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं बेकायदा. शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीत स्वतःच्या कुटुंबाच्या शेतात मदत केली तर कायदा अडवत नाही. कुटुंबात आई-वडील, भावंडं, काका, आत्या, मामा, मावशी धरले आहेत. दुसऱ्या कास्तकाराच्या वावरात किलोवर वेचणीला गेलेलं बारा वर्षांचं पोर मात्र या सवलतीत बसत नाही, सोबत आई असली तरी. घरचं शेत असलं तरी शाळेच्या वेळेत पाठवता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

हे तपासायचं तर शेतात जाऊन मुलं मोजू नका. त्याने भांडणं होतात आणि दुसऱ्या दिवशी मुलं दिसेनाशी होतात. शाळेचा हजेरीपट पाहा. दिवाळीनंतर, वेचणीच्या भरात, सहावी ते आठवीच्या वर्गांची हजेरी ऑगस्टच्या तुलनेत किती घसरते ते महिन्यावार लिहा. ज्या गावांतून मिरची तोडणीला तेलंगणात कुटुंबं जातात, तिथे पटावरच्या मुलांपुढे 'सतत गैरहजर' असा शेरा असतो. त्यांच्या शिक्षणाची सोय कुठे केली, स्थलांतराची नोंद कोणी घेतली, हे गटशिक्षणाधिकाऱ्यांना विचारा. वीटभट्ट्यांवर बाहेरून आलेल्या कुटुंबांची मुलं तर बहुधा कोणाच्याच यादीत नसतात. ती भट्टी ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहे, तिथल्या शाळेने आणि अंगणवाडीने त्यांना सामावून घ्यायचं असतं.

गावात अत्याचाराचं प्रकरण घडलं. आम्ही काय तपासावं आणि काय अजिबात करू नये?

आधी काय करू नये ते. मुलाला किंवा मुलीला घडलेलं पुन्हा सांगायला लावू नका. घरी गर्दी करू नका. नाव व्हॉट्सॲपवर टाकू नका, 'अमुक गावची अमुक वर्गातली' असंही नाही. ओळख उघड करणं पॉक्सोच्या कलम २३ आणि बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे गुन्हा आहे. गावातल्या गावात समेट घडवायला बसलेल्या बैठकीत तुम्ही बसू नका. घटना कळूनही न कळवणं हाच गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे, आणि शाळा किंवा संस्थेचा प्रमुख असेल तर आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवल्याबद्दल एक वर्षापर्यंत.

तपासायच्या गोष्टी तारखांच्याच. पोलिसांना माहिती केव्हा मिळाली आणि गुन्हा केव्हा नोंदला? बालकल्याण समितीला चोवीस तासांत कळवलं का? जबाब घरी किंवा मुलाला सोयीच्या जागी, साध्या कपड्यातल्या महिला अधिकाऱ्याने घेतला का? मुलीची तपासणी महिला डॉक्टरांनी केली का? समितीने साहाय्यक व्यक्ती, म्हणजे तपासात आणि खटल्यात मुलाच्या सोबत राहणारी व्यक्ती, नेमली का आणि केव्हा? न्यायालयाने दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष व्हावी आणि शक्यतो वर्षभरात खटला संपावा, असं कलम ३५ सांगतं. हे सगळे प्रश्न कुटुंबाला विचारायचे नाहीत. कुटुंबाला चालत असेल तर त्यांच्या वकिलामार्फत किंवा साहाय्यक व्यक्तीमार्फत कळतं. नाही तर जिल्ह्याची एकत्रित आकडेवारी मागावी.

भरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण पाहा. मनोधैर्य योजना तिथूनच चालते. मोफत वकीलही तिथेच मिळतो. महिला आणि बालकांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. ही गोष्ट गावात फारशी कोणाला ठाऊक नसते.

अल्पवयीन गर्भवती मुलीच्या बाबतीत जास्त जपून वागा. दवाखान्याला कळवण्याचं बंधन आहे, पण गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केली तर डॉक्टरांनी पोलिसांना तिची ओळख देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदवह्यांतून अशा मुली शोधत फिरलात तर त्या दवाखान्यात येणंच बंद होईल.

बालसंगोपनाचे पैसे मंजूर झाले, पण खात्यात येत नाहीत.

या योजनेत पात्र मुलाला महिन्याला २,२५० रुपये मिळतात, वय अठरापर्यंत. वडील किंवा आई गेलेली मुलं, आजारामुळे किंवा अन्य संकटामुळे पालक सांभाळू शकत नाहीत अशी मुलं यात येतात. शेतकरी आत्महत्या झालेल्या घरांतल्या मुलांचे अर्ज राहून गेलेले अजूनही सापडतात. मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे महिन्याला ४,००० रुपये आहेत. ग्रामीण भागात त्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ७२,००० रुपये आहे.

अर्ज कुठे अडकला ते टप्प्याटप्प्याने शोधा: अर्ज जिल्ह्याला पोचला का, गृहभेटीचा अहवाल झाला का, बालकल्याण समितीचा आदेश निघाला का, यादी निधीसाठी गेली का, आणि शेवटी बँक. बँकेत अडण्याची कारणं ठरलेली असतात. मुलाचं खातं आधारशी जोडलेलं नसतं, बराच काळ व्यवहार न झाल्याने खातं निष्क्रिय झालेलं असतं, किंवा पासबुकावरचं नाव आणि आधारवरचं नाव वेगळं असतं. ही कामं आठवड्याभरात होतात. निधीच आला नसेल तर मात्र ती शासनाची चूक आहे, कुटुंबाची नाही. किती मुलांचे किती महिन्यांचे पैसे थकले आहेत, याची जिल्ह्याची संख्या मागा. एका आईने फेऱ्या मारल्याने निधी येत नाही, थकबाकीचा आकडा पालकमंत्र्यांपुढे गेला तर येऊ शकतो.

आश्रमशाळा आणि बालगृह आम्ही पाहू शकतो का?

वाटेल तेव्हा आत जाता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण तपासणी झाली का हे विचारता येतं. बालगृहांसाठी जिल्हा तपासणी समिती असते. तिने दर तीन महिन्यांतून एकदा तरी भेट द्यायची असते. पथकात किमान तीन जण, त्यात एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी. भेटीच्या तारखा, पथकातल्यांची पदं आणि अहवालावर काय कारवाई झाली, हे मागा. वर्षाला चार तारखा मिळायला हव्यात.

आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या, त्यामुळे अर्ज एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे करायचा. विदर्भात धारणी, पांढरकवडा, देवरी, अहेरी, भामरागड वगैरे ठिकाणी ही कार्यालयं आहेत. मुलींच्या वसतिगृहात स्त्री अधीक्षक मुक्कामी राहते का, तक्रारपेटीची किल्ली कोणाकडे असते आणि पेटी शेवटची केव्हा उघडली, आजारी मुलाला दवाखान्यात नेल्याची वेळ नोंदवहीत लिहितात का, हे विचारा. ज्याच्याविरुद्ध तक्रार यायची शक्यता असते त्याच्याच खिशात किल्ली असेल तर त्या पेटीचा उपयोग नाही. शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांना आत जाण्याचा हक्क आहे, त्यांना सोबत घ्या.

मूल हरवलं आणि पोलीस म्हणतात दोन दिवस वाट पाहा.

वाट पाहायची नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १० मे २०१३ च्या आदेशानुसार हरवलेल्या मुलाच्या बाबतीत लगेच गुन्हा नोंदवून अपहरण गृहीत धरायचं असतं. हद्द दुसऱ्या ठाण्याची असली तरी नोंद नाकारता येत नाही. नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना त्याच दिवशी लेखी द्या.

आमच्या तालुक्यात एकही प्रकरण नोंदलेलं नाही. म्हणजे सगळं चांगलं आहे ना?

बहुधा नाही. शून्य आकडा दोन कारणांनी येतो. एक तर काही घडलं नाही, नाही तर कोणी सांगितलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालं होतं. आधीच्या, २०१५-१६ च्या फेरीत हे प्रमाण २६.३ टक्के होतं. म्हणजे घट आहे. पण पाचातली एकाहून जास्त मुलगी अजूनही यात असेल, तर पूर्ण तालुक्यात शून्य नोंद पटण्यासारखी नाही.

हा आकडा वापरताना जपा. तो वीस-चोवीस वर्षांच्या स्त्रियांच्या आठवणीवरून येतो, म्हणजे काही वर्षांपूर्वीच्या लग्नांबद्दल बोलतो. गेल्या लग्नसराईत काय झालं ते त्यावरून कळत नाही. त्यासाठी सातवी-आठवीत शाळा सोडलेल्या मुलींची यादी पाहावी. नववीला पट कुठे गळला ते पाहिलं की बरंच उलगडतं. आणि नोंदी वाढल्या म्हणून अधिकाऱ्यावर तुटून पडू नका. चांगलं काम सुरू झालं की सुरुवातीला आकडा वाढतो.

ग्रामपंचायतीचा पैसा मुलांच्या संरक्षणावर खर्च होतो का?

ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातला दहा टक्के निधी महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. नमुना नंबर १, म्हणजे अंदाजपत्रक, काढून त्यात तरतूद पाहा आणि वर्षअखेरीस प्रत्यक्ष खर्च पाहा. सतरंज्या, भांडी आणि साड्या यांवरच तो संपत असेल तर महिला सभेत विषय काढा. शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार, १०९८ चा भिंतीवर रंगवलेला फलक, समितीच्या सदस्यांचा जिल्ह्याला जाण्याचा खर्च, हे सगळं त्यातून होऊ शकतं. ग्रामसभेला गणपूर्ती लागते, शंभर मतदार किंवा एकूण मतदारांच्या पंधरा टक्के, यातलं जे कमी असेल ते. तेव्हा विषय आधी लेखी द्या आणि मुनादी (दवंडी) होते की नाही यावर लक्ष ठेवा.

तक्रार कोणाकडे, कोणत्या क्रमाने?

तातडीचं असेल तर क्रम नाही, सरळ १०९८ किंवा ११२. अंमलबजावणीची तक्रार असेल तर आधी जिल्हा बाल संरक्षण कक्ष, लेखी, पोचसह. बालकल्याण समितीच्या कामाबद्दल तक्रार असेल तर ती जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते, कायद्यानेच त्यांना हा अधिकार दिला आहे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हा लोकशाही दिन असतो, त्याचा अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. त्यानंतर मुंबईतला महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोग. आयोग अधिकाऱ्यांना बोलावू शकतो, कागद मागवू शकतो, शिफारस करू शकतो, पण शिक्षा देऊ शकत नाही. राष्ट्रीय आयोगाकडे ई-बालनिदान या संकेतस्थळावरून तक्रार जाते. पॉक्सो, बाल न्याय आणि शिक्षण हक्क या तिन्ही कायद्यांच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवणं हे या आयोगांचं कायद्याने ठरलेलं काम आहे. शेवटचा मार्ग मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ.

तक्रारीत विशेषणं नकोत. तारीख, काय व्हायला हवं होतं, कोणतं कलम, काय झालं, जोडलेले कागद. एक पान पुरतं.

आपल्या गावची माहिती जिनिव्हापर्यंत जाते का?

थेट जात नाही. भारताने दर पाच वर्षांनी संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीला अहवाल द्यायचा असतो. ही अठरा तज्ज्ञांची समिती जिनिव्हाला बसते. २०१४ मध्ये तिने भारताला शिफारशी दिल्या. शासनाच्या अहवालासोबत संस्थाही आपला पर्यायी अहवाल देऊ शकतात. वैयक्तिक तक्रार मात्र तिथे करता येत नाही, कारण त्यासाठीचा तिसरा ऐच्छिक करार भारताने स्वीकारलेला नाही. पर्यायी अहवाल लिहिणाऱ्यांना गावातले तारखांसह कागद हवे असतात, मुलांची नावं नकोत. तुमच्या फाइलची एक प्रत जपून ठेवा.

हे करायला नोंदणीकृत संस्था किंवा ओळखपत्र लागतं का?

नाही. माहिती अधिकार नागरिकाला आहे, ग्रामसभेत बोलण्याचा हक्क मतदाराला आहे आणि १०९८ वर फोन लहान मूलसुद्धा करू शकतं. मात्र एकट्याने करू नका. तिघं-चौघं असा, त्यात किमान दोन महिला असाव्यात, आणि सगळे कागद एकाच्याच घरी ठेवू नका.